जुनाट दुखण्याचा खर्च विम्यातून कसा मिळवायचा: सोलापूरकरांसाठी, अगदी पहिल्यापासून

"कधीपासून दुखतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: "लई वर्षं झाली की ओ." माझ्या आईला मणक्याच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं त्या रात्री मावशीने हेच उत्तर दिलं, आणि वर "दहा-बारा वर्षं तरी असतील" अशी भर घातली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. आई तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विडी वळत बसलेली. संध्याकाळी पाठ अवघडायची, बाम चोळून झोपायची. त्यासाठी ती दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती. डाव्या पायात कळ जाऊन चालणंच बंद झालं, ते दुखणं चार महिन्यांचं होतं. पण डिस्चार्ज कार्डावर '१२ वर्षांपासून कंबरदुखी' असं आलं, पॉलिसी होती अडीच वर्षांची, आणि कंपनीने 'आधीपासूनचा आजार' म्हणून क्लेम नाकारला. एक लाख ऐंशी हजारांचं बिल आम्ही दागिने गहाण ठेवून भरलं. ते पैसे पुढे कसे मिळाले ते शेवटी सांगते. त्या पाच महिन्यांत जे शिकले, आणि नंतर शेजारपाजारच्या लोकांचे फॉर्म भरून देताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट दुखणं म्हणतं. विम्याच्या कागदात मात्र 'दुखणं' हा आजार नाही, ते लक्षण आहे. कंपनी पैसे देते ते निदानाचे, दाखल होण्याचे आणि केलेल्या प्रक्रियेचे, आणि हे सगळं ती तारखांवरून तपासते. म्हणून या वाटेवरचं निम्मं काम आपलं दुखणं खरं, नेमकं आणि तारखेसह कागदावर आणण्याचं आहे.

आधी घरात काय आहे ते शोधा

नवी पॉलिसी घ्यायला धावण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं कार्ड, पगाराची पावती आणि रेशन कार्ड एकत्र काढून बसा. निम्म्या घरांत काहीतरी संरक्षण आधीच असतं आणि कुणाला पत्ताच नसतो.

पगाराच्या पावतीवर 'ईएसआयसी'ची कपात दिसते का बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हे पहिल्यांदा तपासावं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य कामगार विमा लागू होतो. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जमा होतात. जुनाट दुखण्यासाठी मला ही सगळ्यांत चांगली सोय वाटते, कारण इथे ओपीडी, रोजच्या गोळ्या आणि तपासण्या यांचाही खर्च येतो आणि 'हा आजार तुम्हाला आधीच होता' असं म्हणून कुणी परत पाठवत नाही. खाजगी विमा नेमका याच दोन ठिकाणी हात आखडतो. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे; तिथे पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही दाखवता येतं.

आणखी एक गोष्ट कारखान्यातले लोक विचारतच नाहीत. दुखण्यामुळे कामावर जाता आलं नाही तर आजारपणाचा भत्ता मिळतो: सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मणक्याची गादी सरकणं हे तर वाढीव आजारपण भत्त्याच्या यादीत आहे. तिथे ८० टक्के पगार मिळतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागते. लूमवर उभं राहून कंबर गेलेल्या माणसाला याचा किती आधार होईल! कपात होते आहे पण कार्ड काढलेलं नाही, अशीही माणसं मी पाहिली आहेत. आजच कार्यालयात विचारा आणि विमा क्रमांक लिहून घ्या.

दुसरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. म्हणजे आपल्या दवाखान्यांना तिची सवय जुनी आहे. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशन कार्डही चालतं. पण ती ठरलेल्या उपचारांची योजना आहे. गोळ्या, फिजिओथेरपी किंवा नुसती ओपीडी तीत बसत नाही. मणक्याच्या, सांध्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. तुमचं ऑपरेशन बसतं का हे शेजाऱ्याला विचारू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारा. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, चौकशी करणं सगळ्यांत सोपं. घरबसल्या विचारायचं तर १५५३८८ हा क्रमांक आहे. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी वरचे पैसे मागितले तर त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घरात ७० वर्षांवरचं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या, योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. इंडी, विजयपूरकडच्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

विडी कामगारांचं ओळखपत्र असेल तर ते जपून ठेवा. कल्याण निधीच्या दवाखान्यात त्यावर औषधपाणी होतं, आणि तिथला केसपेपर हा पुढे तुमच्या दुखण्याचा तारखेसह पुरावा ठरतो.

नोकरीतली सामूहिक पॉलिसी असेल तर बहुतेक वेळा तिला प्रतीक्षाकाळ (संरक्षण लागू होण्याआधी थांबायची मुदत) नसतो, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. नोकरी सोडणार असाल तर सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागा, म्हणजे आधीच्या वर्षांचा हिशोब पुढे चालतो. नोकरी सुटल्यावर विचारायला गेलात तर वेळ गेलेली असते.

दुखणं असताना नवी पॉलिसी घ्यायची तर

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एजंट बहुधा ओळखीचा असतो. चहा घेता घेता तो मोबाइलवर फॉर्म भरतो आणि "शुगर, बीपी, काही त्रास?" असं एका दमात विचारतो. आपण "तसं काही नाही" म्हणतो आणि ओटीपी सांगून मोकळे होतो. पुढे क्लेम अडकतो तो या एका वाक्यावर. फॉर्मवर सही तुमची, त्यामुळे जबाबदारीही तुमची. स्वतः वाचा, आणि वर्षभरापूर्वी गुडघ्याचा एक्स-रे काढला असेल, कंबरेसाठी पट्टा घेतला असेल, महिनाभर नसांच्या गोळ्या चालू असतील, तर ते लिहा. कंपनी कदाचित हप्ता वाढवेल, कदाचित नाही म्हणेल. नाही म्हटलं तर दुसरी कंपनी बघता येते. लपवून घेतलेली पॉलिसी मात्र ऐन गरजेला रद्द होते, आणि भरलेले हप्तेही जातात.

'आधीपासूनचा आजार' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला, तो आजार. नुसतं पाठ अवघडणं, ज्यासाठी कुणाला दाखवलंही नाही, ते या व्याख्येत आपोआप बसत नाही. आईच्या प्रकरणात शेवटी हीच ओळ उपयोगी पडली.

मग येतात प्रतीक्षाकाळ, आणि ते तीन प्रकारचे आहेत. पॉलिसीचे पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. ठरावीक आजारांची वेगळी यादी असते. सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत संधिवात, गाऊट, मणक्याची गादी सरकणं आणि मणक्याचे इतर आजार यांसाठी २४ महिने थांबावं लागतं, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आणि वयोमानाने होणारी हाडांची झीज यांना त्याहून जास्त. अपघातामुळे गादी सरकली किंवा सांधा बदलावा लागला तर ही अट लागत नाही. पण अपघाताचा कागद हवा, म्हणजे त्या दिवशीचा केसपेपर किंवा पोलिसांकडची नोंद. तिसरा काळ आधीपासूनच्या आजाराचा. तो पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकायचा, १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने झाला. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो आणखी कमी करतात. गुडघ्याने आत्ताच कुरकुर सुरू केली असेल तर मी म्हणेन, ही जादा रक्कम भरा.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनी 'तुम्ही सांगितलं नव्हतं' असं म्हणून क्लेम नाकारू शकत नाही. म्हणून पॉलिसीत खंड पडू देऊ नका. गड्ड्याच्या यात्रेत, लग्नसराईत, कारखाना बंद असताना हप्ता राहतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला फक्त १५. त्यानंतर सगळे प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येते. कंपनी पटत नसेल तर पॉलिसी सोडू नका, दुसरीकडे न्या. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज केला तर झालेला प्रतीक्षाकाळ सोबत येतो.

पॉलिसी हातात आली की ३० दिवस आहेत परत करायला. त्या ३० दिवसांत ग्राहक माहिती पत्रक वाचून काढा. ते तीन-चार पानांचं असतं आणि मराठीत मागितलं तर कंपनीने मराठीत द्यायचं आहे. त्यात पाच गोष्टींवर खूण करा: ओपीडी आहे का, डे-केअर (म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात ते उपचार) कसं धरलंय, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, तुमच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ किती, आणि सहभाग म्हणून प्रत्येक बिलातला किती टक्के तुम्ही भरायचा. आरोग्य संजीवनीत हा सहभाग ५ टक्के आहे.

हप्त्याच्या बाबतीत एवढंच की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. कोटेशनमध्ये तो अजून धरलेला दिसला तर विचारा.

कोणता उपचार बसतो, कोणता नाही

जुनाट दुखण्याचा खरा खर्च दवाखान्यात दाखल न होता होतो. दर महिन्याच्या गोळ्या, फिजिओथेरपीच्या फेऱ्या, एमआरआय, पट्टा. साधी पॉलिसी यातलं काहीच देत नाही. म्हणून ओपीडीचं जोडसंरक्षण घ्यावं का, असं मला नेहमी विचारतात. आकडेमोड करून बघा. जादा हप्ता किती, आणि वर्षभरात जास्तीत जास्त मिळणार किती? काही ठिकाणी ५,००० च्या मर्यादेसाठी जवळपास तेवढाच हप्ता असतो. ते घेऊ नका. फिजिओथेरपीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल आणि मर्यादा खर्चाला पुरणारी असेल तर घ्या.

दाखल होऊन केलेली शस्त्रक्रिया, म्हणजे गादी काढणं किंवा गुडघा बदलणं, प्रतीक्षाकाळ संपल्यावर बसते. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या आणि घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांतल्या संबंधित तपासण्या, औषधंही आरोग्य संजीवनीत धरतात. काही पॉलिसींत हे दिवस जास्त असतात. एमआरआय या ३० दिवसांत आला तर त्याचे पैसे मिळतात. आणि फिजिओथेरपी? ऑपरेशननंतरची असेल आणि डिस्चार्ज कार्डावर 'इतक्या बैठका घ्याव्यात' असं लिहिलेलं असेल तर मागता येते. न लिहिलेली सहसा मिळत नाही. घरी निघण्याआधी डॉक्टरांकडून ही एक ओळ मागून घ्या, तेवढ्याने दहा-बारा हजारांचा फरक पडतो.

मधला प्रदेश इंजेक्शनांचा आहे. मणक्याजवळ दिलं जाणारं एपिड्युरल इंजेक्शन, नस बधिर करणारा नर्व्ह ब्लॉक, रेडिओफ्रीक्वेन्सीने नस शांत करणं, हे उपचार पेन क्लिनिकचे भूलतज्ज्ञ दोन-तीन तासांत करून घरी सोडतात. कंपनी लगेच म्हणते, हे तर ओपीडी. इथे डे-केअरची व्याख्या महत्त्वाची: पूर्वी ज्याला २४ तासांपेक्षा जास्त दाखल व्हावं लागायचं, पण तंत्र सुधारल्यामुळे आता कमी वेळात होतं, असा भूल देऊन रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात केलेला उपचार. तुमचा उपचार ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, यंत्राच्या पडद्यावर बघून झाला असेल तर तसं थिएटरच्या नोंदीत यायला हवं. गुडघ्यात साध्या खोलीत दिलेलं इंजेक्शन यात बसत नाही. काही पॉलिसींत अशा इंजेक्शनांना वेगळी मर्यादा किंवा सरळ नकार असतो, तेव्हा आधी लेखी विचारा. फोनवरचं "हो मॅडम, कव्हर आहे" पुढे कुणी मानत नाही. ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

ठिकाणही तपासा. विम्याच्या व्याख्येत रुग्णालय म्हणजे स्थानिक संस्थेकडे नोंदलेलं, किंवा निकष पूर्ण करणारं. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, त्याहून मोठ्या शहरात १५. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या आसपास होतं. पेठेतल्या दोन खाटांच्या क्लिनिकमध्ये उपचार कितीही चांगला झाला तरी नोंदणी नसेल तर क्लेम अडतो. 'नोंदणी क्रमांक किती?' हे विचारायला संकोच करू नका, तो प्रत्येक क्लेम फॉर्मवर लागतोच.

आयुर्वेदाकडे वळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दाखल होऊन घेतलेलं पंचकर्म, नोंदणीकृत आयुष रुग्णालयात, निदान लिहून झालेलं असेल तर १ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना ते इतर उपचारांच्या बरोबरीने धरावं लागतं. ताजंतवानं व्हायला म्हणून घेतलेलं तेलमालिश, निसर्गोपचार केंद्रातला मुक्काम यांचा त्यात समावेश नाही.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: "एक दिवस ॲडमिट व्हा, एमआरआय विम्यात बसवून देतो." ऐकू नका. केवळ तपासणीसाठी किंवा नुसत्या विश्रांतीसाठी दाखल होणं हे प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं आहे. ते पैसे तर मिळत नाहीतच, वर तुमच्या नावावर एक नाकारलेला क्लेम लागतो आणि पुढचा खरा क्लेमही संशयाने पाहिला जातो.

फाईल आजपासून सुरू करा

बाजारातून एक साधी फाईल आणा. पहिल्या पानावर तारखेसह लिहा: दुखणं कुठे, कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशामुळे कमी होतं. मग प्रत्येक केसपेपर, चिठ्ठी, मेडिकलचं बिल, एक्स-रेचा अहवाल तारखेने लावत जा. आपल्याकडे चिठ्ठी मेडिकलवाल्याकडेच राहते. ती परत मागा. थर्मल कागदावरची बिलं सहा महिन्यांत पांढरी पडतात, त्यांचा फोटो काढून ठेवा.

फाईलचा उपयोग एवढाच नाही की बिलं सापडतात. ऑपरेशनची परवानगी मागितली की कंपनीचे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: आधी साधे उपचार करून पाहिले का? सहा आठवडे गोळ्या घेतल्या, फिजिओथेरपीच्या पंधरा बैठका झाल्या, तरी फरक नाही, हे कागदावर असेल तर उत्तर तयार असतं. फिजिओथेरपिस्टकडून हजेरीचं कार्ड सही-शिक्क्यासह घ्या.

आणि डॉक्टरांना निदान पूर्ण लिहायची विनंती करा. आजारांना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात. नुसती कंबरदुखी म्हणजे एम ५४.५, तर मणक्याची गादी सरकून नस दबणं म्हणजे एम ५१.१, गुडघ्याची झीज म्हणजे एम १७. पहिल्या नावाखाली पाठवलेली ऑपरेशनची विनंती परत यायची शक्यता जास्त, कारण त्या क्रमांकात लक्षण आहे, कारण नाही. डॉक्टर हे जाणतात; ओपीडीच्या गर्दीत लिहायचं राहून जातं. अर्थात निदान तेच लिहायचं जे एमआरआयमध्ये आहे.

कॅशलेस मागताना

कॅशलेस म्हणजे बिलाचे पैसे कंपनी थेट रुग्णालयाला देते. त्यासाठी, ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान ४८ तास आधी, आणि अचानक दाखल झाल्यास २४ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. रुग्णालयाच्या विमा खिडकीवर पॉलिसी, आधार, निदानाची चिठ्ठी, एमआरआयचा अहवाल आणि आधीच्या उपचारांच्या प्रती द्या. खिडकीवरचा माणूस फॉर्म भरतो, पण 'त्रास कधीपासून' हा रकाना तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या आदेशाप्रमाणे कंपनीने कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा आहे आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगा, आणि कागद कधी पाठवले ती वेळ लिहून ठेवा.

खोली घेताना भावनेच्या भरात जाऊ नका. समजा पॉलिसी २ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा २ टक्के, म्हणजे दिवसाला ४,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर दिवसाचे वरचे २,००० भरून सुटका होत नाही. सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग हा सगळा खर्च त्याच प्रमाणात कापला जातो. हा भाग ६०,००० चा असेल तर मिळतील ४०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. आईच्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दाखल होताना 'कधीपासून?' या प्रश्नाला एकाच माणसाने उत्तर द्यायचं असं घरात ठरवा. ज्याला तारखा माहीत आहेत त्यानेच, फाईल हातात धरून. इथे काही लपवायचं नाही. गुडघा खरोखर दहा वर्षं दुखत असेल आणि औषध चालू असेल तर तेच सांगायचं. पण 'पाठ कधीमधी अवघडायची, दाखवलं नव्हतं. पायात कळ चार महिने आहे, पहिला केसपेपर अमुक तारखेचा' हे सांगणं आणि 'लई वर्षं झाली' हे सांगणं यांत फरक आहे. शक्य असेल तर मराठी न येणाऱ्या आजी-आजोबांसोबत तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणी थांबू द्या. ऐकण्यातल्या गफलतीने महिन्यांची वर्षं होतात.

डिस्चार्ज कार्ड पक्कं होण्याआधी त्याची कच्ची प्रत मागून वाचा. नाव, वय, कोणत्या बाजूचा पाय, त्रासाचा कालावधी, निदान, केलेली प्रक्रिया आणि पुढची फिजिओथेरपी. घाई सगळ्यांनाच असते, पण ही दहा मिनिटं काढाच. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

कॅशलेस मिळालं नाही तर आधी पैसे भरून नंतर क्लेम करता येतो. आरोग्य संजीवनीत घरी सोडल्यापासून ३० दिवसांत कागद द्यायचे: क्लेम फॉर्म, मूळ बिलं आणि पावत्या, डिस्चार्ज कार्ड, अहवाल, इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल, रद्द केलेला चेक. मूळ कागद देण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. नंतरच्या फिजिओथेरपीची बिलं वेगळी पाठवायची असतात, ती विसरू नका.

नकार आला तर

पहिलं काम, नकार लेखी मागा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला हे त्यात असायलाच हवं. कलम क्रमांक शोधून पॉलिसीत वाचा, कारण उत्तर त्या कलमालाच द्यायचं असतं. दुखण्याची करुण कहाणी लिहून उपयोग होत नाही, हे मला पहिल्या पत्रानंतर कळलं.

आम्ही काय केलं ते सांगते. चार महिन्यांपूर्वीचा पहिला ओपीडी केसपेपर शोधला. त्यावर डॉक्टरांच्या हातचं स्पष्ट होतं: डाव्या पायात कळ, काही दिवसांपासून, आधी उपचार नाही. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांना तो दाखवला. त्यांनी रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र दिलं की डिस्चार्ज कार्डावरचा कालावधी नातेवाइकांच्या तोंडी अंदाजावरून लिहिला गेला, उपचाराच्या नोंदी चार महिन्यांच्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर खाडाखोड केली नाही. तशी कधीच करू नका. जुना कागद तसाच ठेवून सोबत तारखेचं पत्र जोडायचं. हे सगळं आणि आधीपासूनच्या आजाराची व्याख्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं. पुन्हा नकार आला.

मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना गेला आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर तिथे जाता येतं. नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, म्हणजे दुखऱ्या कंबरेने पुण्याची गाडी पकडावी लागत नाही. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. दरम्यान नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे निवाडा होत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं. सोलापुरात जिल्हा ग्राहक आयोगही आहे. मात्र तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. मी आधी लोकपालच सुचवेन.

आमच्या अर्जाची सूचना कंपनीला गेली, आणि सुनावणीची तारीख यायच्या आतच त्यांनी क्लेम पुन्हा तपासायला घेतला. केसपेपरची मूळ प्रत मागितली, ती नेऊन दाखवली. १ लाख ६१ हजार रुपये आईच्या खात्यात जमा झाले. उरलेले १९ हजार खोलीभाड्याच्या फरकात आणि हातमोजे, पट्ट्या अशा न मिळणाऱ्या वस्तूंत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दागिने सोडवून आणले. फिजिओथेरपीच्या बारा बैठकांची बिलं तेवढी राहिली, कारण डिस्चार्ज कार्डावर ती ओळ नव्हती.